खारीची सोय

“मृत्युपत्रात कुत्रीच्या नावावर काही करता येत नाही, अरुणाताई,” वकील दीक्षा म्हणाली. “पण अट घालता येते. फ्लॅट निशांतचा, मात्र खारी जिवंत आहे तोवर त्यानं तिला इथंच सांभाळायचं. विकायचं ते नंतर.”

अरुणाताईंचा जीव भांड्यात पडला. कॅन्सर पसरला होता. दिवाळीपलीकडचं डॉक्टर काही बोलत नव्हते. त्यांना स्वतःचं काही वाटत नव्हतं, घोर होता तो खारीचा. तिला घ्या म्हणून त्या सोसायटीत सगळ्यांच्या हातापाया पडल्या होत्या. सगळ्यांनी चहा दिला. कुत्री कोणी घेतली नाही.

राहिला पुतण्या, निशांत. सीवूड्सला स्टेशनजवळचा फ्लॅट म्हटल्यावर त्याची कुत्र्यांची ॲलर्जी कुठल्या कुठे पळाली. आज तर साहेबांनी खारीला मांडीवरच घेतलं होतं.

“टेन्शन नको घेऊ काकू, राणीसारखी ठेवतो,” तिचं डोकं खाजवत तो म्हणाला. मग सहजच, “सहा वर्षांची ना ही? अशी किती जगतात?”

“बारा-चौदा वर्षं,” दीक्षा म्हणाली.

“बाप रे!”

एवढंच. वाईट काही बोलला नाही बिचारा. पण खाजवणारा हात थांबला, तो अरुणाताईंनी पाहिला. आपल्यामागे या घरात कुणीतरी खारीच्या मरणाची वाट बघत बसणार, आणि त्याला तसं बसवतोय आपणच.

“दीक्षा, ती अट काढून टाक. फ्लॅट त्याला असाच दे.”

“आणि खारी?”

“बघते मी.”

संध्याकाळी त्या खारीला घेऊन खाली उतरल्या. गेटबाहेर चहाची टपरी चालवणाऱ्या गिरजाबाई रस्त्यावरच्या कुत्र्यांना भात घालत होत्या.

“हिलाही आजपासून यांच्यातच घाला.”

“अवो ताई, ही सोफ्यावर निजनारी. हितं कशी ऱ्हाईल?”

“मी आहे तोवर शिकू दे.”

खारीनं भाताला तोंडही लावलं नाही. अरुणाताई वळल्या, तशी तीही मागं धावली. त्यांनी डोळे पुसले, हात उगारला आणि ओरडल्या, “हाड!”

हा शब्द खारीनं कधी ऐकलाच नव्हता. ती शेपूट हलवत तिथंच उभी राहिली.