बास्केटखालची गर्दी

बास्केटबॉलचा संघ निवडताना आनंद सरांची खोड म्हणजे पोरी भिंतीला टेकवून मापायच्या. डोकं खडूच्या रेघेवर गेलं ती खेळणार, खाली राहिली ती बाकावर. मैना रेघेच्या चार बोटं खाली. लांबून नेम धरून बॉल टाकणारी संघात तेवढी एकच, पण ती बाकावर.

बिबवेवाडीच्या मैदानावर सोजरबाई सकाळपासून पायरीवर बसून बघत होत्या. त्यांची नात दीक्षा संघात सगळ्यात उंच. तिच्या उजव्या गुडघ्याला पट्टा. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं: पळू दे, उडी मारू दे, पण पुन्हा कुणी अंगावर पडलं तर हिचा खेळ संपला. सरांनी मान डोलावून ऐकलं होतं.

आता सामन्यात सरांच्या पाचही उंच पोरी बास्केटखाली, आणि समोरच्या पाचही तिथंच. बाहेरून टाकणारं कुणी नाही, तर बाहेर राखण करायची कुणाची? दीक्षाच्या हाती बॉल आला की तिघी तिच्यावर तुटून पडत.

तिसऱ्यांदा ती आपटली तेव्हा सोजरबाई पदर खोचून बाकापाशी गेल्या.

"अहो सर, मैनाला घाला की आत. नुसती कोपऱ्यात उभी करा."

"आजी, आज निवड समिती बसलीय. ते उंची बघतात."

"बघू द्या. ती उभी राहिली की तिच्यापाशी एक तरी ठेवावी लागेल त्यांना. तेवढीच माझ्या पोरीच्या अंगावरची कमी होईल."

"आता खेळ तुम्ही शिकवणार का मला?"

"कुणीतरी शिकवायला हवा होता."

सर हसले. मैनाने बुटाची नाडी घट्ट बांधली होती, ती पुन्हा सोडली.

पुढच्याच बॉलला दीक्षा उडाली. उतरताना पाय टेकायला जागा नव्हती. टेकला तो दुसरीच्या बुटावर, आणि वरून दोघी आल्या. गुडघ्याचा आवाज सोजरबाईंना बाकापाशी ऐकू आला. दीक्षाने आधी आजीकडे पाहिलं, मग किंचाळली.

तिला उचलून बाकावर आणलं. सोजरबाईंनी पाय मांडीवर घेतला. पट्टा सोडायला त्यांचा हात धजेना.

सरांनी मैनाला खूण केली. ती धावत जाऊन कोपऱ्यात उभी राहिली. पहिलाच बॉल तिने लांबून आत घातला. दुसऱ्या वेळी समोरच्या दोघी तिच्याकडे धावल्या, तशी बास्केटखालची जमीन दिसायला लागली. तिने बॉल बास्केटखाली उभ्या असलेल्या उंच चैतालीकडे दिला. चैतालीने तो निवांत टाकला. कुणाचा धक्काही लागला नाही तिला.

सरांनी टाळी वाजवली.

सोजरबाईंनी मान वर केली नाही.

"झाली बघा जागा, सर. माझ्या पोरीचा पाय घेतलात, तेव्हा झाली."