आभाराचं पान

"नाव ठेवायचं की काढायचं?" बू मुर्नींनी विचारलं.

वेनिंगच्या प्रबंधाची पानं टेबलावर पसरली होती. बू मुर्नींचं, म्हणजे मुर्नीबाईंचं, दुकान इंडोनेशियातल्या जोग्जा शहरात, विद्यापीठाच्या मागच्या गेटला. विद्यार्थ्यांचे प्रबंध छापायचे, निळ्या पुठ्ठ्यात बांधायचे, वर सोनेरी अक्षरं उमटवायची, हाच त्यांचा धंदा. पुठ्ठा चिकटवण्याआधी हा प्रश्न त्या प्रत्येकीला विचारायच्याच. आभाराच्या पानावर पोरी हौसेनं मित्राचं नाव घालतात. पदवीदानापर्यंत तो दुसरीला मोटरसायकलवर फिरवत असतो आणि ग्रंथालयात नाव मात्र कायमचं. "एकदा डिंक वाळला की माझ्याकडे रडत यायचं नाही," बू म्हणायच्या.

वेनिंगच्या पानावर शेवटची ओळ होती: 'तिगोरला, जो न सांगता समजून घेतो.'

आता खरं सांगायचं तर तिगोरला न सांगता काही म्हणता काही समजत नसे. वेनिंगच्या प्रबंधाचा विषयच हा: विद्यार्थ्यांची भावनिक समज आणि त्यांचं प्रेम. एकशे दहा जोडप्यांकडून तिनं प्रश्नावल्या भरून घेतल्या. तिगोरनंही हौसेनं भरली. 'जोडीदाराचं मन दुखावलं की मला न सांगता कळतं' यापुढे त्यानं 'कधीच नाही'वर खूण केली आणि खाली पेनानं खरडलं, 'विचारावं लागतं.' पानभर तेच. सगळ्यांत कमी गुण त्याचे. वेनिंगला इतकी लाज वाटली की तिनं तो कागद मोजलाच नाही. त्यानं विचारलं तेव्हा "छान आलेत गुण" म्हणून मोकळी झाली.

तिगोर बाताक जमातीचा, दूर सुमात्रा बेटावरच्या मेदानकडचा. त्यांच्याकडे लाडसुद्धा ओरडून करतात. वेनिंग इथलीच, जावा बेटावरची. तिच्या घरात तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही. पाहुण्याचं म्हणणं पटलं नाही तर चहा ओततात, दुसराच विषय काढतात, आणि पाहुणा काय ते समजून उठतो. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तिगोर म्हणाला होता, "मला गावाकडे नोकरी लागलीय. लग्न करू आणि चल मेदानला." वेनिंगनं चहा ओतला. त्याच्या धाकट्या भावाची परीक्षा कशी गेली ते विचारलं. मग आणखी दोनदा चहा ओतला. पठ्ठ्यानं तिन्ही कप संपवले आणि घरी जाऊन आईला फोन केला, ठरलं म्हणून!

 जोग्जातल्याच एका शाळेत वेनिंगला मुलांशी बोलायचं, त्यांना समजून घ्यायचं काम मिळालं होतं. ते सोडून तिला जायचं नव्हतं. नाही म्हणावं तर तिगोर जाणार, आणि तिगोर तर तिला हवा होता. म्हणून ती वाट बघत होती. त्याचं त्यालाच कधीतरी कळेल.

तिगोर मोटरसायकल लावून आत आला. टेबलावरचं पान उचलून त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

"हे काय लिहिलंस? धादांत खोटं!" तो खदखदून हसला. दुकानातली चार डोकी वळली. मग त्याचं हसू थांबलं. "वेनिंग, त्या दिवशी तू तीन वेळा चहा ओतलास. मला काही कळलं नाही, मी पीत बसलो. पण तेव्हापासून माझ्याशी बोलताना तू खाली बघतेस. म्हणून आता सरळ विचारतो. यायचंय का तुला मेदानला?"

इथे चहाची किटली नव्हती. वेनिंगनं उगाच कागदांचा गठ्ठा सरळ केला.

"नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही.

तिगोरचा चेहरा उतरला. त्यानं पान खाली ठेवलं. जाईल आता, असं तिला वाटलं. तो गेला नाही.

"हे नाही मेदानला, की मला?"

असा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"मेदानला," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. "तुला नाही रे."

"मग तसं म्हण की, माझे आई!" तिगोरनं शर्टाच्या बाहीनं स्वतःचेच डोळे पुसले. "मेदानचं मी बघतो. आईची बोलणी खाईन दोन दिवस."

बू मुर्नी डिंकाचा ब्रश हातात धरून उभ्याच होत्या. "ग्रंथालय तीनला बंद होतं गं. नाव ठेवू की काढू?"

"ठेवा," वेनिंग नाक पुसत म्हणाली. "त्याच्यापुढचं तेवढं बदला, बू. 'जो विचारतो', एवढंच लिहा."