शेवटचं प्रकरण

“ती मरता कामा नये,” एजंटबाई म्हणाल्या. “प्रकाशकाची एवढी एकच अट आहे.”

लेखकाने टेबलावरचं बाड आपल्याकडे ओढून घेतलं. पंधरा वर्षं त्याची पुस्तकं याच बाईंनी प्रकाशकांच्या गळी उतरवली होती. हे मात्र अकरा ठिकाणांहून परत आलं होतं. दवाखान्यातले चार महिने, आणि शेवटच्या प्रकरणात बायकोचं जाणं. त्याने फक्त नावं बदलली होती.

“तुम्ही होतात तिथे,” तो म्हणाला. “तिचा दुसरा हात तुमच्या हातात होता.”

“होता. ही अट सांगायला माझी जीभ रेटत नाहीये.”

“मग सांगू नका.”

बाईंचा आवाज चढला. “आणि काय करू? हा बारावा. याच्यापुढे मला कुणी दारात उभं करणार नाही. पुस्तकच निघालं नाही, तर ती होऊन गेली हे कळणार कुणाला? तुम्हाला आणि मला. आपण तरी किती दिवस पुरणार?”

“विकायला काढलीत तिला.”

“मी? लिहिलंत कुणी?”

बोलून गेल्यावर बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. तो बाड काखेत मारून उठला. दारापर्यंत गेला, थांबला, आणि पाठमोराच म्हणाला, “संध्याकाळपर्यंत देतो.”

घरी आल्या आल्या तो लिहायला बसला. हात सराईत होता, भराभर चालला. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर हसले. टॅक्सी दाराशी लागली. जिना चढताना ती दोनदा थांबली, कठड्याला धरून तिने दम खाल्ला. त्याने कुलूप काढलं, दार उघडलं.

इथे हात थांबला.

त्याने ओळ खोडली, पुन्हा लिहिली. पुन्हा दार उघडलं. तीस वर्षांत तिने त्या दारातून आत येताना काय काय म्हटलं होतं, ते सगळं त्याला पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य हिच्या तोंडी बसेना.

उन्हं उतरली तेव्हा बाईंचा फोन आला.

“झालं?”

“घरी आणलीय.”

“मग?” बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “पुढे?”

“दारात उभी आहे,” तो म्हणाला. “काही बोलतच नाहीये.”