बटणापासून मोबाइलपर्यंत

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी सुनेच्या कंपनीनं गळ्यात घालायचं एक बटण तयार केलं होतं. ते दाबलं की मुलाच्या मोबाइलवर हाक जायची, आणि मुलानं लिहून पाठवलेलं उत्तर बटण मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्याचं सॉफ्टवेअर तपासायचं काम सुनेकडे होतं. तिनं प्रत्येक भाग तपासणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे टेस्ट, अगदी जीव ओतून लिहिली, मग सगळे भाग जोडून बटणापासून मोबाइलपर्यंत पुन्हा तपासलं. सगळीकडे 'बरोबर'च्या हिरव्या खुणा आल्या, तेव्हा पहिलं बटण तिनं हौसेनं आपल्याच सासूबाईंच्या गळ्यात घातलं.

महिनाभरात सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि तिथंच गेल्या. बटण मुठीत घट्ट धरलेलं होतं.

"तुझ्या त्या खेळण्यानं माझ्या आईचा घास घेतला!" नवरा भरल्या घरात ओरडला. "मला काही कळलंच नाही गं!"

नणंदेनं तोंड फिरवलं. आपली कुठली टेस्ट लिहायची राहिली, या एकाच विचारानं सुनेचं काळीज कुरतडलं जात होतं. पाहुणे पांगले, तशी ती नवऱ्याचा मोबाइल घेऊन चूक शोधायला बसली.

चूक कुठंच नव्हती.



हाक क्षणात पोचली होती, नवऱ्यानं ती उघडलीही होती, आणि त्याचं उत्तर बटणानं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं: "आई, तुझं रोजचं नाटक पुरे, मी कामात आहे."