चौथा मजला, लिफ्ट नाही

"लिफ्ट नाही," जयदीपनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. "ऐकलंस ना आई? चौथा मजला आणि लिफ्ट नाही."

फोनमध्ये ऊर्मी होती, त्याची बहीण. जपानात, मात्सुयामाला, एका रिकाम्या घरात नुसत्या मोज्यांवर उभी. तिकडे सकाळ झाली होती. इकडे कॅल्गरीत दिवस मावळला होता आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ पुन्हा गोठत होता.

"बिल्डिंग जुनी आहे, पण बघ किती स्वच्छ. जिना सगळे पाळीनं झाडतात," ऊर्मी सांगत होती. "खाली उतरलं की भाजीवाली. आई, तू येणार असलीस तरच हे दोन खोल्यांचं घेते. मला एकटीला एक पुष्कळ. एजंट दाराबाहेर थांबलाय. हो की नाही, ते आत्ताच सांगायचंय."

"नाही म्हणून सांग," जयदीप म्हणाला. "पन्नास वर्षांची बिल्डिंग, त्यात भूकंपाचा देश. वर आईचे गुडघे! बी प्रॅक्टिकल, ऊर्मी."

अनसूयाबाई भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं. "गुडघे माझे का तुझे?"

"इथं काय कमी आहे तुला?"

"काही नाही. बर्फ वितळेपर्यंत खिडकीत बसते. तुझी बायको कुंडीला पाणी घालते, मला चहा देते. कुंडी अन् मी, दोघी झकास आहोत."

सलोनी सिंककडे तोंड करून हसली.

"एकदा चढशील गं," जयदीप म्हणाला. "रोज कशी चढणार?"

अनसूयाबाईंनी फोन उचलून स्वेटरच्या खिशात टाकला. "ऊर्मे, ठेवू नकोस." बेसमेंटचं दार उघडून, कठड्याला धरून त्या खाली गेल्या. वर आल्या त्या काखेत तांदळाची पिशवी घेऊन. ओट्यावर आदळली.

"पहिला मजला."

"आई, काय पोरखेळ लावलायस?"

"मग बाजार काय तू आणून देणारेस तिथं? रिकाम्या हातांनी कोण चढतं?"

दुसऱ्या खेपेला डाळ आली. तिसऱ्या खेपेला कणीक यायची, ती जिन्यातच थांबली. जयदीप उठला. सलोनीनं त्याची बाही धरली. "थांब. दम खातायत."

खिशातून ऊर्मीचा आवाज आला, "आई, राहू दे. मी एका खोलीचं बघते."

"गप बस. माझा श्वास ऐकत बसू नकोस. एजंटाला पाणी विचारलंस का?"

कणीक ओट्यावर ठेवून त्या वळल्या. या वेळी जाताना त्यांनी दार मागे लोटून घेतलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. फ्रीज तेवढा गुरगुरत होता. मग दारावर आतून टकटक झाली. दार नुसतं लोटलेलं होतं, पण टकटक झाली.

जयदीपनं जाऊन उघडलं.

अनसूयाबाई शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. तोंड लालबुंद, एका हातात तेलाचा डबा. पोराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मान खाली घालून खिशाला विचारलं,

"ऊर्मे, चपला कुठं काढायच्या?"