लाल जवारीची पहिली भाकर

लढाई संपून वर्ष उलटलं, पण पावसानं दगा दिला आणि प्रकाशा गावात जवारी पिकलीच नाही. रेशनच्या दुकानात लालसर, बारीक दाणे आले. कौसाबाईनं ते तळहातावर घेतले. "हाई जवारी कथाईन उनी?" "अमेरिकामाईन. जहाज महिनाभर पानीवर व्हतं," दुकानदार म्हणाला. महिनाभर नुसतं पाणी! तिला भरली तापीच अथांग वाटायची. घरी तिनं पहिली भाकर भाजली आणि फडक्यात बांधली. नव्या धान्याची पहिली भाकर ते ज्या वावरात पिकलं त्या वावराच्या देवाला, अशी घरची रीत. सून कळवळली, "पोरे उपाशी शेतस, भाकर कोठे लई जातस?" कौसाबाई तापीत गुडघाभर उतरली. भाकर दोन्ही हातांनी धारेवर सोडून तिनं मावळतीकडे हात जोडले. "तापीमाय, तू समिंदरले जास. ज्या वावरमा पिकनं, तठला देवले सांग, आम्हनी चूल पेटनी."