मागचा स्पीकर

पहिल्या पगारातून घेतलेला डीव्हीडी प्लेअर आणि पाच स्पीकर येरवड्याच्या घरी आले, तेव्हा धम्मदीपला जेवणही सुचेना. फिजिक्सचा पदवीधर तो! एक वायर जोडायची, तपासायची, मगच पुढची. टीव्ही झाला, अ‍ॅम्प्लिफायर झाला. फक्त मागचा स्पीकर राहिला होता.

“नवी वस्तू आहे, आधी बुद्धवंदना लाव,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “मग बघ तुझी हाणामारी.”

“हो गं!”

“चहा घेणार का, शास्त्रज्ञ?”

हे वाक्य आईच्या आवाजात मागच्या स्पीकरमधून आलं. त्याची वायर अजून धम्मदीपच्या हातात होती.

“चहा घेणार का, शास्त्रज्ञ?” आईने आतून विचारलं.

त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्याने सगळे प्लग काढले. स्पीकर खोकला, पाठोपाठ आत आई खोकली. स्पीकरमध्ये कपबशी किणकिणली. मग आत किणकिणली. धम्मदीप आनंदाने हसलाच. असलं काही कुठल्याच पुस्तकात नव्हतं!

“आई, अजून काहीतरी बोल ना!”

पण आधी स्पीकरच बोलला. पावलं वाजली. मग धम्मदीपचाच आवाज किंचाळला, “आई!” कप फुटला. काहीतरी जड जमिनीवर आदळलं. आणि पुन्हा त्याचाच, रडवेला आवाज: “आई, डोळे उघड ना गं!”

मग स्पीकर गप्प झाला.

“बोलू काय, कपाळ? आणतेय चहा,” आई हसत म्हणाली. तिची पावलं दाराच्या पडद्याकडे येऊ लागली.

तिला थांबवायलाच हवं होतं. धम्मदीप जिवाच्या आकांताने ओरडला, “आई!”